अर्ध्यावर सोडलेलं ऑपरेशन

कॅमेरा आत गेला आणि स्क्रीनवर जठर दिसलंच नाही. दिसलं ते नुसतं लिव्हर. पिवळट, फुगलेलं, कडा बोथट झालेलं. डावीकडून उजवीकडे तेच पसरलेलं.

"आणखी थोडं उचल," मी सहकाऱ्याला म्हटलं.

त्याने रिट्रॅक्टरने, म्हणजे लिव्हर बाजूला धरायच्या दांडीने, ते उचलायचा प्रयत्न केला. चरबी साठलेलं लिव्हर दुधात भिजलेल्या भाकरीसारखं असतं, जरा जोर लावला की फाटतं. तसंच झालं. कडेला बारीक चीर गेली आणि स्क्रीन लाल झाली. गॉज दाबून धरला. पाच मिनिटं तसाच धरून ठेवला.

"सर, अजून किती वेळ?" आमच्या भूलतज्ज्ञ डॉ. मेघना यांनी विचारलं.

"बघतोय."

"बघा, पण लवकर बघा. एकशे सेहेचाळीस किलोचा माणूस आहे. याची छाती मी जोर लावून फुगवतेय."

रक्त थांबलं. मी पुन्हा एकदा कॅमेरा फिरवला. मला जायचं होतं ते जठराच्या वरच्या टोकाशी, जिथे अन्ननलिका येऊन मिळते. तिथपर्यंत रस्ताच नव्हता. पुढे जायचं तर आंधळेपणाने जायचं, आणि तिथे आंधळेपणाने गेलेल्या सर्जनचे रुग्ण टेबलावरच दगावतात.

"बाहेर येतोय," मी म्हटलं. पोटावर पाडलेली पाच भोकं टाके घालून बंद केली आणि ग्लोव्हज काढले. इतक्या वर्षांत वजन कमी करायचं ऑपरेशन मी पहिल्यांदाच अर्ध्यावर सोडलं होतं. खरं तर अर्ध्यावरही नाही, सुरूच झालं नव्हतं.

माझा पारा चढला होता. स्वतःवर नाही, रुग्णावर. तेव्हा माझी खात्री होती की या माणसाने मला फसवलं.

तो रुग्ण म्हणजे जयवंत. वय चव्वेचाळीस, मालवणच्या एका ट्रॉलरवर तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, वारा फिरला की कधी परतायचं, हे सगळं तो ठरवतो. बोट मालकाची असते, पण समुद्रात शब्द तांडेलाचा चालतो. जयवंतच्या बोटीवर त्याच्यासकट आठ माणसं होती.

ऑपरेशनं दुसऱ्या गावातल्या आमच्या रुग्णालयात होतात, पण मालवणला मी सोमवारी ओपीडी करतो. बाजाराचा दिवस असल्याने गर्दी असते. एप्रिलमधल्या एका सोमवारी तो बायकोबरोबर आला. तपासायच्या खुर्चीत मावेना, म्हणून स्टुलावर बसला. सरकारी कचेरीत बोलावं तसं जपून, शुद्ध बोलत होता.

"डॉक्टर, मला झोप येते."

"कधी?"

"कधीही. उभ्या उभ्या येते."

मग हळूहळू बाहेर आलं. महिन्यापूर्वी पहाटे बंदरात परतताना सुकाणू हातात असताना त्याचा डोळा लागला. बोट खडकांच्या रोखाने चालली होती. एक खलाशी चूळ भरायला उठला म्हणून सगळे वाचले. त्याने ओरडून तांडेलाला जागं केलं. कुणी काही बोललं नाही, मालकालाही कुणी सांगितलं नाही. पण पुढच्या फेरीला दोन खलाशी आले नाहीत. दुसऱ्या बोटीवर गेले.

या झोपेला स्लीप ॲप्निया म्हणतात. माणूस फार लठ्ठ झाला की झोपेत गळ्यामागची वाट बंद होते, श्वास अडतो, मेंदू दचकून जागा होतो, पुन्हा झोप, पुन्हा अडकणं. रात्रभर असं चाललं तर खरी झोप लागतच नाही. ती मग दिवसा वसूल होते. शिवाय प्रत्येक वेळी हृदयावर ताण येतो, आणि एखाद्या रात्री अडलेला श्वास परत सुरू होत नाही. त्याची बायको शैलजा सांगत होती की ती त्याच्या बाजूला जागीच असते. श्वास थांबला की कोपराने ढोसते.

त्याच्यासाठी मास्क लावून हवा ढकलणारं मशीन आणलेलं होतं. घरी चालायचं, पण झोपेत मास्क निसटायचा. बोटीवर एक फेरी नेलं, खाऱ्या हवेने आणि डिझेल इंजिनच्या धक्क्यांनी दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. वजन कमी करायचे बाकीचे उपाय त्याने चार वर्षं केले होते. दहा किलो जायचे, बारा यायचे.

म्हणून मी ऑपरेशनचं सुचवलं. यात जठराचा मोठा भाग कापून काढतात. उरते ती केळ्याएवढी नळी. माणूस थोडं खातो, लवकर पोट भरतं, भूकही कमी लागते. पण कापलेलं जठर परत लावता येत नाही. जन्मभर थोडं थोडं, चावून चावून खायचं, व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्यायच्या, तपासण्या करायच्या. त्यामुळे हे ऑपरेशन कुणाचं करायचं हे ठरवताना वजनाचा आकडा पाहतो, आजार पाहतो आणि तिसरी गोष्ट पाहतो ती म्हणजे हा माणूस सांगितलेलं पाळेल का. पाळणार नसेल तर ऑपरेशन न केलेलं बरं.

"पाळेन," जयवंत म्हणाला. "पण ऑगस्टमध्ये बोट सुटते. तोवर मी उभा राहायला पाहिजे."

जून-जुलै मासेमारी बंद असते. मी मनात हिशोब केला. जूनच्या सुरुवातीला ऑपरेशन, दोन महिने विश्रांती. "दोन महिन्यांत कामाला लागाल," मी म्हटलं. त्याचं काम म्हणजे नक्की काय, हे मी विचारलं नाही.

ऑपरेशनआधी तीन आठवडे विशेष आहार असतो. त्याने लिव्हरमधली चरबी उतरते, ते आकसतं आणि आम्हाला जठरापर्यंत जायला जागा मिळते. आमच्याकडे पूर्णवेळ आहारतज्ज्ञ नाही. मुंबईत शिकत असताना मिळालेला एक कागद माझ्याकडे होता, त्याची झेरॉक्स मी सगळ्यांना देतो. त्यावर लिहिलेलं: तीन आठवडे लिक्विड डाएट. घन पदार्थ बंद. साखर बंद, तळलेलं बंद. क्लिअर सूप, साय काढलेलं दूध, प्रोटीन पावडर. मी तो कागद त्याच्या हातात दिला आणि तोंडी सांगितलं, "पातळ आहार. तीन आठवडे एक घास पोटात जाता कामा नये."

ॲडमिट झाला त्या दिवशी त्याचं वजन एक किलोने कमी भरलं. तीन आठवड्यांत निदान सहा-सात जायला हवे होते. मला ते खटकलं. पण मालवणचा काटा आणि रुग्णालयाचा काटा वेगळा, असं म्हणून मी ते सोडून दिलं. ओटीची वेळ ठरली होती, मेघना आल्या होत्या. थांबायला हवं होतं तिथे मी थांबलो नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेलो. जयवंत पलंगावर बसला होता. शैलजा खिडकीपाशी उभी.

"झालं ना डॉक्टर?" त्याने विचारलं.

"नाही झालं. आत जाताच आलं नाही. लिव्हर एवढं मोठं आहे." मी हातांनी दाखवलं. "तीन आठवडे काय खाल्लंत?"

"काही नाही."

"खरं सांगा."

"काही नाही खाल्लं डॉक्टर. पातळ सोडून काही नाही."

"लिव्हर खोटं बोलत नाही," मी म्हटलं. "माणसं बोलतात."

शेजारच्या पलंगावरचे दोघे ऐकत होते. मला त्याची पर्वा नव्हती. जयवंतने माझ्याकडे पाहिलं, मग मान फिरवली आणि भिंतीकडे बघत बसला. शैलजाने पदर तोंडाला लावला. ही पकडले गेल्याची लक्षणं आहेत असं मला वाटलं. अशी तोंडं मी खूप पाहिली आहेत. उपवासाच्या दिवशी गपचूप खाल्लेला वडा डॉक्टरपासून लपवणारी माणसं रोज भेटतात.

मी खाली येऊन फाइलवर लिहिलं: रुग्णाने पथ्य पाळले नाही. पुन्हा शस्त्रक्रियेसाठी योग्य नाही. खाली सही केली. फाइलवरच्या दोन ओळी म्हणजे लहान गोष्ट वाटते. पण त्या ओळी घेऊन तो गोव्याला, कोल्हापुरात, कुठेही गेला असता तरी कुठल्याही सर्जनने त्याला हात लावला नसता. मीही लावला नसता. ते मला लिहितानाच माहीत होतं.

दहाव्या दिवशी तो टाके काढायला मालवणच्या ओपीडीत आला. सोमवारच होता. टाके सिस्टर काढतात, पण मी मुद्दाम टाळलं असं दिसू नये म्हणून आत गेलो. जयवंत टेबलावर आडवा होता. शैलजा मात्र माझ्या वाटेत उभी राहिली. या वेळी ती शुद्ध बोलली नाही.

"डॉक्टर, तुमी ह्यांका खोटारडो म्हणालास."

"तसं नाही म्हटलं मी."

"म्हणालास. सगळ्यांसमोर. तीन आठवडे ह्या माणसान घास तोंडात घालूक नाय. पोरांच्या ताटात बांगडे असत, हे उठान भायर जायत. अंगणात जावन बसत."

"जांवदे गो," टेबलावरून जयवंत म्हणाला.

"कित्याक जांवदे? मी माझ्या हातान केलंय ना सगळा!"

सिस्टर थांबल्या. मी म्हटलं, "ठीक आहे. घास नाही घातला. मग पोटात काय जात होतं?"

"पेज."

"पेज?"

"सकाळी एक तांब्यो, अकराक एक, सांजेक एक. पण शितां नाय हां. मी फडक्यात गाळून देय. शितां कोंबड्यांका घातलंय."

मी स्टुलावर बसलो. "आणखी?"

"दोन टायम सोलकढी. नारळाच्या पयल्या रसाची. माणूस जेवणा नाय, अंगात वायच जीव ऱ्हवाक होयो, म्हणान."

"आणि?"

"आंब्याचो रस. वाटीभर, दोनदा. पण साखर घालूक नाय. तुमच्या कागदार लिवलेला साखर नको. एक चिमटी घालूक नाय, देवाशपथ."

"पावडर दिली होती ना?"

"ती दोन दिस घेतल्यानी. ओकले. म्हणान तुमका फोन केलंय. दुसरा पातळ कायय चलात काय, म्हणान इचारलंय. तुमीच म्हणालास, पातळ कायय द्या, घास नको."

मला तो फोन आठवला. दोन ऑपरेशनच्या मधे सिस्टरने मोबाइल कानाला लावून धरला होता. मी हात धूत होतो. दहा सेकंदांचं बोलणं झालं असेल. पातळ काहीही द्या, घास नको. ते वाक्य माझंच होतं.

पेजेतलं शीत गाळलं तरी पाण्यात उतरलेला तांदूळ राहतो. तो शरीरात साखरच होतो. नारळाचा पहिला रस म्हणजे निव्वळ तेल, आणि हापूस हा साखर न घालताही साखरेचाच असतो. लिव्हर फुगवण्यासाठी एखाद्याने मुद्दाम आहार ठरवला असता तर तो याहून फार वेगळा नसता. आणि या बाईने तो फडक्यातून गाळून, भक्तिभावाने, दिवसातून सात वेळा नवऱ्याला दिला होता. त्यानेही तो मुकाट घेतला होता. एकाही नियमाला धक्का न लावता.

मला जी लाज वाटली ती सांगायलाच हवी. मी देवगडचा. पेज पिऊन शाळेत गेलेला माणूस. आजही सकाळी दहाला माझ्यासमोर पेजेची वाटी येते, आणि कुणी विचारलं की नाश्त्याला काय खाल्लं, तर मी काही नाही असंच म्हणतो. आमच्याकडे पेज हे खाणं नव्हेच. ती पितात, तहान लागल्यावर पाणी प्यावं तशी. हे मला जन्मापासून माहीत होतं. पण ओपीडीच्या खुर्चीत बसलो की मी मुंबईच्या कागदाचा होतो, आणि माझ्यासमोरचा माणूस मालवणचा आहे हे विसरतो.

त्याहून वाईट म्हणजे मी त्याला भर वॉर्डात खोटं ठरवलं होतं. ज्या माणसाने समोर बांगडे तळले जात असताना तीन आठवडे घास घेतला नाही, त्याच्याबद्दल मी लिहिलं होतं की हा पथ्य पाळत नाही. पथ्य पाळण्यात त्याच्या तोडीचा रुग्ण मी पाहिलेला नाही.

मी उठून टेबलापाशी गेलो. मला त्याच्याशी ओपीडीच्या भाषेत बोलवेना.

"जयवंत, तुमी खोटां बोलूक नाय. चूक माझी. माका माफ करा."

तो गडबडला. डॉक्टरने माफी मागायची पद्धत नसते. "तसा नाय ओ डॉक्टर," तो म्हणाला. मग उठून बसत, "माका एकच सांगा. आता परत करतालास काय नाय?"

त्या संध्याकाळी मी फाइल मागवून घेतली. ती ओळ खोडली नाही, खोडलेल्या ओळीखाली काय होतं याची लोकांना फार उत्सुकता असते. खाली लिहिलं: रुग्णाने दिलेले पथ्य तंतोतंत पाळले होते. पथ्य चुकीचे सांगितले गेले. शस्त्रक्रियेसाठी योग्य. पुन्हा सही केली.

पुढच्या सोमवारी दोघांना घेऊन बसलो. या वेळी कागद नव्हता. मी शैलजाला विचारत गेलो, सकाळी उठल्यापासून घरात चुलीवर काय काय चढतं, आणि एकेक गोष्ट ठेवत किंवा काढत गेलो. पेज बंद, रस बंद, नारळ कुठल्याही रूपात बंद. कुळथाचं कळण चालेल, म्हणजे कुळीथ शिजवून काढलेलं नुसतं पाणी. ताक चालेल. अंड्यातला पांढरा भाग चालेल. मासा नुसता मीठ-तिरफळ घालून उकडलेला, दोन तुकडे, चालेल.

"मासो चलता आणि पेज नको?" शैलजाने विचारलं.

"मासा चालतो. पेज नको."

ती नवऱ्याकडे पाहत राहिली. तीन आठवडे त्याला अंगणात बसवल्याचं तिच्या डोळ्यांत आलं असावं. बंदीच्या दिवसांत मोठे मासे नसले तरी खाडीतले मिळतात, तेवढंच पुटपुटली.

मग मी तो प्रश्न विचारला, जो एप्रिलमध्ये विचारायचा होता. "बोट बाहेर किती दिवस असते?"

"पाच-सा दिस. कधी आठ."

"जेवण?"

"एकदाच रांधतत. भात, कढी. जाळा वर येवक लागला की जेवान ऱ्हवता. मगे गिळूचा कसातरी."

"उलट्या सुरू झाल्या, पाणी पोटात राहिना, तर किनारा किती लांब?"

"वारो असलो तर दिवसभर."

मी पेन खाली ठेवलं. या ऑपरेशननंतर सुरुवातीचे महिने नाजूक असतात. नवी नळी सुजलेली असते. एखादा घास घाईने गेला तर अडकतो, उलट्या होतात, पाणी उतरत नाही, आणि माणूस दोन दिवसांत सुकतो. क्वचित टाक्यांच्या रेषेतून गळतीही होते, मग तासांची लढाई असते. कचेरीत बसणाऱ्याला दोन महिन्यांत कामावर जा असं मी सांगू शकतो. आठ दिवस किनारा न दिसणाऱ्याला नाही.

"ऑगस्टला बोटीवर जाता येणार नाही," मी म्हटलं. "जुलैत ऑपरेशन केलं तर हा हंगाम सोडायचा. पुढच्या वर्षी बघू. हे मी आधीच सांगायला हवं होतं. तेव्हा मी तुमचं काम काय ते विचारलंच नाही."

बाहेर बाजाराचा गलका चालला होता. तांडेलाची जागा रिकामी ठेवून मालक वर्षभर थांबत नाही. एक हंगाम दुसरा माणूस आला की बोट त्याची होते, खलाशी त्याचे होतात. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मगे कित्याक करूचा?" जयवंत म्हणाला. "बोटीसाठीच करी होतंय मी."

"म्हणूनच आज उत्तर देऊ नका. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. घरी मशीन चालू ठेवा, पथ्य चालू ठेवा, दिवसाच्या दिवसात परत येणारी होडी घ्या, सुकाणू दुसऱ्याच्या हातात द्या. तोही एक रस्ता आहे. त्यात पोट शाबूत राहतं. पण श्वास अडायचा थांबेल असं मी म्हणू शकत नाही."

"तुमचो भाव असतो तर?"

हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो आणि बहुतेक डॉक्टर तो टाळतात. मीही टाळत आलो आहे. त्या दिवशी टाळला नाही. "माझा भाऊ असता तर केलं असतं," मी म्हटलं. "पण भाऊ घरी बसला असता तर त्याचं घर मी चालवलं असतं. तुमचं मी चालवणार नाही. म्हणून ठरवायचं तुम्ही."

आठ दिवस त्याचा काही निरोप नव्हता. मला वाटलं, गेला. आणि खरं सांगायचं तर मला जरा हायसंही वाटलं. एकदा चुकलेल्या जागी पुन्हा जायला सर्जनही भितो.

नवव्या दिवशी तो एकटाच रुग्णालयात आला. बसमधून उतरून चालत आल्याने धापा टाकत होता. स्टुलावर बसून आधी श्वास जमवला.

"शेठाक सांगलंय," तो म्हणाला. "दुसरो तांडेल बघा, म्हणान."

"मालकाने काय म्हटलं?"

"कित्याक, म्हणान इचारल्यान. मगे सगळा सांगलंय. सुकाणार डोळो लागलो ताय सांगलंय. खलाशांक, सोडून गेलेल्या दोगांकय, बोलवन त्यांच्यासमोर सांगलंय. त्यांका ठावक होता, पण माझ्या तोंडान आयकाक नाय होता त्यांनी."

तांडेलाने असं सांगणं म्हणजे सर्जनने माझा हात थरथरतो असं चारचौघांत सांगण्यासारखं आहे. पुन्हा कुणी बोट देईल याची खात्री नाही.

"बोट सुटली, मग ऑपरेशन कशासाठी?" मी विचारलं. मला ते त्याच्या तोंडून हवं होतं.

"बोट गेली ती गेली. पण झोपेत मरूचा नाय माका डॉक्टर," तो म्हणाला. "ती रात रात जागता. तिका झोप होयी."

मी तारीख दिली.

चार आठवड्यांत त्याचं वजन नऊ किलोने उतरलं, एकाच काट्यावर मोजून. जुलैत पुन्हा तेच टेबल, त्याच मेघना. कॅमेरा आत घातला. लिव्हर होतं, पण आपल्या जागी. कडा धारदार झालेल्या. त्याच्या खाली, जूनपासून ज्याची मी वाट पाहत होतो ते जठर.

"सर, दिसतंय?" मेघनांनी विचारलं.

"दिसतंय."

सव्वा तासात झालं. तिसऱ्या दिवशी तो घरी गेला.

पुढचं वर्ष सोपं गेलं असं मी लिहिणार नाही. दुसऱ्या महिन्यात घरात कसलंसं कार्य होतं, आग्रहाने भाताचे चार घास गेले आणि दोन दिवस सलाइनवर काढावे लागले. केस गळले. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या त्या सकाळी तो बंदरावर गेला नाही, शैलजाने मला नंतर सांगितलं. दिवसभर पडवीत जाळं शिवत बसला. एकदा मला म्हणाला, "डॉक्टर, बरो झालंय. पण पंगतीत बसाक मन होणा नाय. लोक जेवतत आणि मी बघतंय." त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं आणि नाही.

वर्षाने वजन सत्त्याण्णव भरलं. झोपेची तपासणी पुन्हा केली. मशीन बंद करायला सांगितलं. शैलजा त्या दिवशी ओपीडीत खुर्चीतच झोपून गेली, आम्ही दोघे बोलत असताना. त्याने तिला उठवलं नाही, मीही नाही. पुढच्या रुग्णाला मी बाहेरच थांबवलं.

त्या वर्षी बंदी उठल्यावर त्याला बोट मिळाली. जुनी नाही. तिच्यावर नवा तांडेल रुळला होता. एक लहान, चार माणसांची, गळाने मासे धरणारी, दोन दिवसांत परतणारी. ती तरी कुणी दिली, याचं मला आश्चर्य वाटलं होतं. उत्तर सप्टेंबरमध्ये मिळालं.

बस्त्याव नावाचा एक खलाशी अंगठ्यात रुतलेला गळ घेऊन ओपीडीत आला. गळ काढता काढता मी बोलत होतो, माणसाचं लक्ष हाताकडे जाऊ नये म्हणून.

"कोणाच्या बोटीवर?"

"जयवंत तांडेलाच्या."

"नवा आहेस?"

"नाय ओ. जुनोच. मोठ्या बोटीर होतंय त्याच्या वांगडा." वांगडा म्हणजे बरोबर. "ती पहाट ठावक हा ना? खडकार जाय होतंव ती? तेच्या मागसून सोडलंय मी तेका."

मी हातातलं काम थांबवलं. बोट सोडून गेलेल्या दोघांपैकी हा एक होता.

"मग परत कसा आलास?"

"तेणां समोर उभ्यान सांगल्यान ना, माझो डोळो लागलो म्हणान. असो तांडेल खंय गावता?" बस्त्याव म्हणाला. "शेठाक मीच सांगलंय, बोट तेका दी, मी येतंय."

"आणि झोप?"

"आता तो झोपणा नाय. आमकाच उठयता."

मी टाके घातले, गोळ्या लिहिल्या, आणि सवयीने विचारलं, काल सकाळपासून काय काय पोटात गेलं, सगळं सांग. अंगठ्यात गळ रुतलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचं काही कारण नाही. बस्त्यावलाही तो विचित्रच वाटला. पण हल्ली मी तो विचारल्याशिवाय कुणालाही सोडत नाही. उत्तर ऐकायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवली म्हणून एका सरळ माणसाच्या पोटाला पाच भोकं उगाच पडली आहेत.